एकाच वेळी पडणाऱ्या अनेक वस्तूंचा रडारने माग कसा ठेवतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शस्त्रचाचण्यांच्या मोजमापात माझी बरीच वर्षं गेली, तीही पडद्यामागच्या आकडेमोडीत. शाळा-कॉलेजात बोलायला गेलं की प्रश्न फिरून तेच येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. क्षेपणास्त्र तर एकच सोडतात. मग पडणाऱ्या वस्तू ‘अनेक’ कुठून येतात?

वर जाताना एक असतं, खाली येताना गोतावळा होतो. जळून संपलेले टप्पे, टोकावरचं उष्णतारोधक आवरण, टप्पे वेगळे करताना सुटलेले तुकडे, हे सगळं आपापल्या वाटेने पडतं. ११ मार्च २०२४ ला अग्नी-५ ची ‘मिशन दिव्यास्त्र’ चाचणी ओडिशाच्या किनाऱ्याजवळच्या डॉ. अब्दुल कलाम बेटावरून झाली. तिथे तर एकाच क्षेपणास्त्रातून एकापेक्षा जास्त अस्त्रं वेगवेगळ्या जागी पाठवणं हाच हेतू होता.

दुसरा प्रकार मारगिरीचा. पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या संस्थेत घडलेल्या पिनाक प्रणालीचा एक लाँचर १२ अग्निबाण ४४ सेकंदांत सोडतो. म्हणजे पहिला अजून हवेत असतानाच बारावा निघालेला असतो. जून २०२१ मध्ये चांदीपूरला सुधारित पिनाकचे २५ अग्निबाण झपाट्याने एकामागोमाग सोडले होते. यातल्या प्रत्येकाचा स्वतंत्र हिशेब द्यावा लागतो. ‘साधारण सगळे नीट गेले’ असं लिहून अहवाल मंजूर होत नाही.

२. विमानतळावरचं रडार शेकडो विमानं एकदम दाखवतं. मग दहा वस्तूंचं एवढं कौतुक कशाला?

विमानतळावरची अँटेना गरगर फिरते आणि एका फेरीला साधारण चार-पाच सेकंद घेते. मधल्या वेळात विमान कुठे होतं हे तिला माहीत नसतं, आणि विमानाच्या बाबतीत तेवढ्याने काही बिघडतही नाही. सेकंदाला ३०० मीटर वेगाने पडणारी वस्तू मात्र पाच सेकंदांत दीड किलोमीटर गेलेली असते. लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राचं टोक सेकंदाला सुमारे ७ किलोमीटर वेगाने परततं, म्हणजे तेवढ्याच वेळात ३५ किलोमीटर. चाचणीला सेकंदाला दहा-वीस मोजमापं लागतात, तीही काही मीटरच्या अचूकतेची. टेहळणी आणि माग ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. गच्चीवरून गर्दी बघणं निराळं आणि गर्दीतल्या एकाच्या पाठोपाठ चालणं निराळं.

३. डिशचं जुन्या पद्धतीचं रडार किती वस्तू धरू शकतं?

नीट धरू शकतं ती एकच. १९५० च्या दशकात अमेरिकेत तयार झालेलं एएन/एफपीएस-१६ हे चाचणीक्षेत्रांसाठीच्या मोनोपल्स रडारांचं मूळपीठ मानतात. मोनोपल्समध्ये रडारने सोडलेल्या एकाच स्पंदाच्या, म्हणजे रेडिओलहरीच्या छोट्या ठोक्याच्या, प्रतिध्वनीवरून वस्तू झोताच्या मध्यापासून किती डावी-उजवी, वर-खाली आहे ते कळतं. मोटारी त्यानुसार डिश वळवत राहतात. डिशचं नाक ज्याच्याकडे आहे तेच तिचं.

एक पोटनियम आहे. झोत १ अंशाचा धरला तर २० किलोमीटरवर तो सुमारे ३५० मीटर रुंद होतो. त्या रुंदीत चार तुकडे असतील आणि त्यांची रडारपासूनची अंतरं वेगळी असतील, तर चौघांचे प्रतिध्वनी वेगवेगळ्या वेळी येतात आणि चारही नोंदवता येतात. पण कोन नेमका मिळतो तो डिश ज्याच्यावर रोखली आहे त्याचाच. म्हणून पूर्वी चार वस्तू असल्या की चार रडारं लावत, आणि कोणत्या रडारने कोणाला धरायचं यावर आदल्या दिवशी चर्चा रंगत.

४. फेज्ड अ‍ॅरेचं रडार एकदम दहा ठिकाणी बघतं म्हणजे त्याला दहा झोत असतात का?

बहुतेक वेळा झोत एकच असतो, फक्त तो उड्या मारतो. अँटेनेच्या तोंडावर हजारो लहान घटक असतात. त्यांच्या लहरी एकमेकींच्या किंचित मागेपुढे सोडल्या की झोताची दिशा बदलते. काहीच यांत्रिक हलत नसल्यामुळे उडीला काही मायक्रोसेकंद पुरतात.

खरी टंचाई वेळेची असते. वस्तू १५० किलोमीटरवर असेल तर स्पंदाला जाऊन यायला १ मिलिसेकंद लागतो. दहा वस्तू, प्रत्येकीकडे सेकंदाला २० भेटी, प्रत्येक भेटीत ४ स्पंद, असे ८०० स्पंद झाले. म्हणजे दर सेकंदातले ८०० मिलिसेकंद संपले. उरलेल्या २०० मध्ये नवी वस्तू आली का ते शोधायचं. आता त्याच वस्तू ३०० किलोमीटरवर नेऊन ठेवा, हिशेब १,६०० मिलिसेकंदांवर जातो आणि सेकंद तर हजाराचाच. मग एकीचा स्पंद वाटेत असतानाच दुसरीकडे स्पंद सोडायचा, संथ वस्तूच्या भेटी कमी करायच्या, महत्त्वाचीच्या वाढवायच्या. महिनाअखेरीला घरखर्च भागवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

५. भारतात असं बहुवस्तू रडार आहे का?

आहे. श्रीहरिकोटाला इस्रोचं मल्टी ऑब्जेक्ट ट्रॅकिंग रडार, म्हणजे ‘मोटर’, २०१५ च्या सुमारास उभं राहिलं. ते एल-बँड या रेडिओ वारंवारतेच्या पट्ट्यावर चालतं, तोंडावर ४,६०८ घटक आहेत, आणि ते एका वेळी १० वस्तूंचा माग ठेवतं. ३० बाय ३० सेंटिमीटरची वस्तू ८०० किलोमीटरवर पकडण्याची त्याची क्षमता सांगितली आहे. त्याचा मुख्य रोख अंतराळातला कचरा आणि प्रक्षेपकाचे पडणारे टप्पे यांच्यावर आहे. शस्त्रचाचण्यांचं घर म्हणजे ओडिशातलं चांदीपूर आणि कलाम बेट. तिथे रडार, टेलिमेट्री (अस्त्रातल्या यंत्रांनी रेडिओवरून पाठवलेली माहिती टिपणारी यंत्रणा) आणि दूरदर्शी कॅमेरे यांची किनाऱ्यालगत साखळी आहे.

६. दोन ठिपके अगदी जवळ आले आणि पुन्हा वेगळे झाले, तर कोणता कोणाचा हे रडारला कसं कळतं?

या विषयाचा गाभाच हा आहे. अनेक वस्तू दिसणं आता फारसं कठीण राहिलेलं नाही, प्रत्येकीची ओळख शेवटपर्यंत टिकवणं कठीण आहे.

नेहमीची पद्धत अशी. प्रत्येक वस्तूच्या आधीच्या मोजमापांवरून ती पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधायचा. यासाठी १९६० मध्ये रुडॉल्फ काल्मान यांनी मांडलेला फिल्टर, म्हणजे नव्या मोजमापाने अंदाज सुधारत नेणारी गणिती रीत, आजही वापरात आहे. त्या अंदाजाभोवती एक छोटी चौकट आखायची, आमच्या बोलीत ‘गेट’. नवा ठिपका ज्याच्या गेटमध्ये पडला त्याचा. दोन गेट एकमेकांवर चढली की भांडण सुरू. बारा अग्निबाण आणि बारा ठिपके असतील तर त्यांच्या जोड्या लावायचे मार्ग होतात ४७,९०,०१,६००. सगळे तपासत बसलं तर अग्निबाण पडून थंड होतील. हॅरल्ड कून यांनी १९५५ मध्ये मांडलेली ‘हंगेरियन पद्धत’ उत्तम जोडणी फार थोड्या पायऱ्यांत काढून देते.

पण उत्तम जोडणीही चुकू शकते. जत्रेत जुळी भावंडं एकाच रंगाचे शर्ट घालून रसवंतीच्या मागून गेली आणि पलीकडून निघाली, तर पुढचा कोण हे त्या क्षणी कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. डोनाल्ड रीड यांनी १९७९ मध्ये सुचवलेली युक्ती अशी, की तेव्हा ठरवूच नका. ‘अदलाबदल झाली’ आणि ‘झाली नाही’ या दोन्ही शक्यता जिवंत ठेवा, पुढची काही मोजमापं येऊ द्या, मग न जुळणारी शक्यता टाकून द्या. एक भाऊ लंगडत चालतो हे चार पावलांनी कळतंच.

एक आठवण सांगतो, जागा आणि संस्था न सांगता. दोन टप्प्यांचा अग्निबाण होता. पडद्यावरची रेघ इतकी स्वच्छ, की मागे उभ्या असलेल्या कोणीतरी पेढ्यांची चौकशी सुरू केली. मला एवढंच खटकत होतं की उंची अपेक्षेआधीच वाढायची थांबली होती. शेजारच्या टेलिमेट्रीच्या कागदावर तेव्हाच दुसरा टप्पा जोरात पेटलेला दिसत होता. टप्पे सुटले त्या क्षणी रडारने खरं टोक सोडून जळालेलं रिकामं नळकांडं धरलं होतं, कारण ते मोठं आणि त्याचा प्रतिध्वनी जोरदार. आमचे ज्येष्ठ सहकारी चष्मा पुसत म्हणाले, “रिकाम्या डब्याचा खडखडाट फार.” त्यानंतर टप्पे सुटण्याच्या सेकंदाला ‘मोठा आवाज नको, अंदाजाशी जुळणारा हवा’ असा नियमच सॉफ्टवेअरमध्ये घातला.

७. मग वस्तूंना नावपट्टी लावता येत नाही का?

ज्या वस्तूत जागा आणि वीज आहे तिला लावतात. तिच्यात ट्रान्सपाँडर बसवतात. रडारने वेळेचं ठरलेलं अंतर ठेवून दोन स्पंद पाठवले की तोच ट्रान्सपाँडर वेगळ्या वारंवारतेवर जोरदार उत्तर देतो. दुसऱ्या वस्तूतल्या ट्रान्सपाँडरसाठी हे अंतर वेगळं ठरवलेलं असतं, म्हणून तो गप्प राहतो.

रिकामी टाकी, आवरण किंवा तुटलेला पंख यांना नावपट्टी नसते. तिथे स्वभावावरून ओळखावं लागतं. पहिला स्वभाव वेग. ५.६ गिगाहर्ट्‌झच्या सी-बँड रडारवर रडारच्या दिशेने दर सेकंदाला १ मीटर वेगाचा फरक म्हणजे सुमारे ३७ हर्ट्‌झचा डॉप्लर फरक, म्हणजे वेगामुळे परतलेल्या लहरीच्या वारंवारतेत पडणारा फरक. दोन तुकड्यांत सेकंदाला १० मीटरचा फरक असला, तर तीनेक मिलिसेकंद ऐकून ते वेगळे काढता येतात, मग ते अंतरात आणि कोनात एकमेकांवर बसलेले का असेनात. दुसरा स्वभाव लकाकी. कोलांट्या खात पडणाऱ्या पत्र्याचा प्रतिध्वनी ठरावीक तालात कमीजास्त होतो. स्थिर पडणाऱ्या टोकाचा जवळपास सारखा राहतो.

८. खऱ्या अस्त्रासोबत खोटी सोडतात असं ऐकलंय. रडार त्यांना कसं ओळखतं?

यावर सर्वांत जास्त काम प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवर झालं. कॅलिफोर्नियातल्या व्हॅन्डेनबर्गहून सोडलेली अमेरिकी क्षेपणास्त्रं सुमारे ६,७०० किलोमीटर येऊन क्वाजालीनच्या कंकणद्वीपाजवळ पडतात, आणि रोई-नामूर या बेटावरची रडारं त्यांचा परतीचा प्रवास मोजतात. वैज्ञानिक बाजू एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने सांभाळली. १९६२ मध्ये ट्रेडेक्स नावाचं रडार आलं, १९७० च्या आसपास आल्टेअर आणि अल्कोर, आणि १९८३ मध्ये मिलिमीटर तरंगांचं रडार.

या चौघांची कामाची वाटणी बघण्यासारखी आहे. आल्टेअरची डिश ४६ मीटरची, पण तरंगलांबी मोठी असल्याने व्हीएचएफवर झोत जवळजवळ ३ अंशांचा. ते क्षितिजावर आलेला सगळा थवा आधी पकडतं. मग ‘हा घे, तो घे’ करत अरुंद झोताच्या रडारांना एकेक वस्तू सोपवतं. अल्कोर सुमारे ५०० मेगाहर्ट्‌झचा रुंद पट्टा वापरतं, त्यामुळे अर्ध्या मीटरवरचे दोन भाग त्याला वेगळे दिसतात. १ मेगाहर्ट्‌झचा साधा स्पंद १५० मीटरच्या आतलं वेगळं काढू शकत नाही, यावरून फरक लक्षात येईल.

आता खरं-खोटं. निर्वात पोकळीत फुगा आणि लोखंड एकाच वाटेने जातात, गॅलिलिओने सांगितलं तसंच. तिथे नुसत्या वाटेवरून काही कळत नाही. जमिनीपासून १०० किलोमीटरच्या आसपास विरळ हवा लागायला लागली की हलक्या वस्तू मागे पडू लागतात आणि जड वस्तू तशाच घुसतात. कोणाचा वेग किती घटला हे रडारने मोजलं, की त्यावरून वस्तुमान आणि हवेला अडणारं क्षेत्रफळ यांचं गुणोत्तर निघतं. रेंजवर, म्हणजे चाचणीक्षेत्रावर, याला बॅलिस्टिक गुणांक म्हणतात. सुपात पाखडताना फोलपटं उडतात आणि दाणा राहतो, तेच काम इथे हवा करते. अडचण वेळेची आहे. हवेने निवाडा करेपर्यंत वस्तू जमिनीपासून काही सेकंदांवर आलेली असते.

रडारला फसवण्याची कल्पना नवी नाही. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवरच्या हल्ल्यात ब्रिटिश विमानांनी धातूच्या पातळ पट्ट्यांचे गठ्ठे सोडून जर्मन रडारांचे पडदे भरून टाकले होते.

९. परतताना वस्तूभोवती आगीचा लोळ असतो. त्यातून रडारला दिसतं कसं?

लोळामुळे हाल होतात ते टेलिमेट्रीचे. तापून आयनीभूत झालेल्या हवेच्या वेष्टनातून आतला रेडिओ बाहेर पोचत नाही, आणि काही काळ वस्तू मुकी होते. रडारला मात्र ती शेपटी उलट जास्तच दिसते, आणि तोच घोटाळा आहे. मागे राहिलेली आयनीभूत वाट इतका मोठा प्रतिध्वनी देते, की माग वस्तूवरून शेपटीवर घसरू शकतो. शेपटीतली हवा वस्तूपेक्षा संथ असते, म्हणून इथेही डॉप्लर कामी येतो (प्रश्न ७).

१०. अगदी पडण्याच्या क्षणापर्यंत रडार बघू शकतं का?

किनाऱ्यावरचं रडार बहुधा नाही. पृथ्वी गोल आहे. अँटेना समुद्रसपाटीपासून २० मीटरवर असेल, तर ११० किलोमीटरवरची वस्तू साधारण ५०० मीटर उंचीच्या खाली गेली की क्षितिजाआड होते. सेकंदाला ३०० मीटर वेगाने पडणाऱ्या वस्तूचे ते शेवटचे पावणेदोन सेकंद. तेवढं गणिताने पुढे ओढतात. पल्ला लांब असेल तर पडण्याच्या जागेजवळ जहाजं उभी करतात. क्वाजालीनला पाण्याखालचे ध्वनिग्राहक आपटण्याचा आवाज ऐकून जागा काढतात.

चांदीपूरची गंमत वेगळी आहे. तिथे ओहोटीला समुद्र चार-पाच किलोमीटर आत सरकतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे तोफगोळ्यांची चाचणी होते, त्यामागे हेही एक कारण आहे. गोळा उडवा, ओहोटीची वाट बघा, चालत जा आणि चिखलातून उचलून आणा. रडारच्या आकड्याला याहून रोखठोक साक्षीदार मिळणार नाही.

११. प्रत्येक अस्त्रात जीपीएस बसवून जागा कळवायला लावली तर रडारची गरज काय?

बसवतातही. पण बिघाड होतो तेव्हा पहिला गप्प बसतो तो आतलाच यंत्रसंच, आणि चाचणीत बिघाडाचीच माहिती सर्वांत मोलाची. शिवाय मोडके तुकडे पत्ता कळवत नाहीत. आणि परीक्षार्थ्यानेच आपला पेपर तपासायचा, हे कोणत्याही रेंजला मान्य होत नाही.

१२. क्षेपणास्त्र भरकटलं आणि मुद्दाम नष्ट केलं, तर रडारचं काम संपतं का?

तिथून वाढतं. त्याआधी संगणक सतत एक बिंदू काढत असतो: या क्षणी जोर बंद पडला तर हे कुठे पडेल? तो बिंदू आखलेल्या रेषेबाहेर निघाला की सुरक्षा अधिकारी कळ दाबतो. एकाचे पन्नास होतात. जड तुकडे पुढे जातात, हलके अलीकडे पडतात, आणि पत्र्याची पानं वाऱ्यावर कुठेही. पन्नासांचा माग कोणतंच रडार सारखा ठेवत नाही. चार-पाच मोठे आणि धोकादायक तुकडे निवडायचे, बाकीच्यांचा ढग म्हणून अंदाज घ्यायचा (वेळेचा हिशेब प्रश्न ४ मध्ये आहे). फेब्रुवारी २००३ मध्ये कोलंबिया यान टेक्सासवर फुटलं, तेव्हा हवामानखात्याच्या रडारांवरही पडणाऱ्या अवशेषांचा पट्टा उमटला होता.

१३. सैन्याचं ‘स्वाती’ रडार हेच काम करतं ना?

चुलतभाऊ म्हणा. स्वाती शत्रूचा गोळा वर जाताना काही क्षण बघतं आणि मागे गणित करून तोफ कुठे आहे ते सांगतं. त्याला गोळ्याच्या पुढच्या प्रवासाचं दर सेकंदाचं दप्तर नको असतं. चाचणीच्या रडारला तोफ कुठे आहे ते आधीच माहीत असतं, त्याला हवं असतं ते दप्तरच.

१४. रडार खरं सांगतंय याची खात्री कशी करतात?

ॲल्युमिनियमचा पोकळ गोळा फुग्याला बांधून सोडतात. गोळा का, तर तो कुठूनही बघा सारखाच. १५ सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याचं रडार-क्षेत्रफळ सुमारे ०.०१८ चौरस मीटर, हे कागदावरच काढता येतं. रडारने वेगळा आकडा दाखवला तर दोष रडारचा. पहाटे वारा पडलेला असताना हे करायचं. गोळ्यावर बोटांचे तेलकट ठसे नकोत म्हणून आमचा एक सहकारी तो जुन्या मलमलच्या धोतरात गुंडाळून आणायचा. ठशांनी आकडा बदलत नाही हे त्यालाही माहीत होतं. पण धोतर सोडलं नाही त्याने.

१५. पावसाचा त्रास होतो का?

एल आणि सी-बँडला बेताचा, मिलिमीटर तरंगांना भरपूर.

१६. एक वस्तू असून पडद्यावर दोन दिसतात, असं होतं का?

होतं, आणि समुद्रावर हमखास. वस्तू क्षितिजाच्या जवळ आली की तिचा प्रतिध्वनी दोन वाटांनी येतो, एक थेट आणि एक पाण्यावर आपटून. रडारला खाली आरशात तिचं जुळं दिसतं. मोनोपल्स (प्रश्न ३) मग खरी आणि आरशातली यांच्या मध्येच कुठेतरी बोट ठेवतं, आणि कोन वरखाली डुलायला लागतो. गुळगुळीत समुद्रावर हे जास्त, खवळलेल्यावर कमी. इलाज म्हणजे झोताचं नाक मुद्दाम थोडं वर धरायचं, किंवा शेवटच्या अंशभरात कोनावर विश्वास कमी करून अंतर आणि वेग यांच्यावरच माग ओढायचा. नवख्या मुलाने पहिल्यांदा आकडे काढले की तो हमखास धावत येतो: “सर, अग्निबाण पडायच्या आधीच समुद्राखाली चाळीस मीटर गेलाय.” त्याला चहा द्यायचा आणि आरशाची गोष्ट सांगायची.